घाईतला धावदोरा

जळायला कारण लागत नाही म्हणतात. काहीतरीच! थोरलीकडे कारण होतं, चांगलं दीड हात लांब, लाकडी, धरून धरून गुळगुळीत झालेलं. नावेचा मागचा दांडा. दांडा ज्याच्या हातात, तो म्हणेल तिकडे नाव. आणि गेली चौतीस वर्षं तो दांडा होता धाकटीच्या हातात.

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी. तळ्याकाठी त्यांना लहानपणापासून याच नावांनी ओळखतात. आता एकीचे केस पांढरे झाले, दुसरीला चष्मा लागला, तरी थोरली ती थोरली आणि धाकटी ती धाकटीच. थोरली एकोणपन्नासची. टायरच्या दुकानामागे तिची शिलाईची खोली आहे. गाड्यांच्या सीटची कव्हरं, ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरं, जे जे जाड आणि जे दुसरा शिंपी हातात घेणार नाही, ते सगळं तिच्याकडे येतं. तिचं मशीन एवढं अवजड की चालू झालं की भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागतं. धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. एका मोठ्या ऑफिसात माणसं नोकरीला घ्यायचं काम करते. थोरलीच्या भाषेत सांगायचं, तर दिवसभर लोकांना "कळवतो" म्हणायचं आणि कळवायचं नाही.

नाव बाबांची. बाबा पाण्याचे मीटर वाचत घरोघर हिंडायचे आणि रविवार आला की तळ्यावर पळायचे. चार माणसं जेमतेम मावतील एवढी लाकडी नाव, एक डोलकाठी, एक शीड. या गृहस्थाला जन्मात कधी घाई झाली नाही, म्हणून नावेचं नाव ठेवलं "घाई". रविवारी कुणाचा फोन आला की आई सांगायची, "नाहीत हो, सगळे घाईत आहेत." आई गेली, विनोद मागे राहिला. बाबांचा स्वतःचाही एक विनोद होता. नाव पाण्यात ढकलताना ते दर वेळी म्हणायचे, "पोरींनो, नाव बुडवू नका बरं!" त्यातली "ती नाव" की "ते नाव", हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

घाईत कामाची माणसं दोनच. एक दांड्यावर, एक दोरीवर. शिडाच्या खालच्या कोपऱ्यात एक पितळी कडी, त्या कडीला ही जाड दोरी. ओढली की शीड वारा धरतं, सैल केली की वारा निसटून जातो. दांडेवाल्यानं बोलायचं, दोरीवाल्यानं करायचं. बोलायचे शब्दही दोनच, "धर" आणि "सोड". का, कशाला, थांब जरा, असलं काही चालायचं नाही. दोरी कशाला बांधायची नाही, हाताला गुंडाळायची नाही, नुसती मुठीत धरायची, असा बाबांचा कडक नियम. थोरलीच्या दोन्ही तळव्यांना घट्टे आहेत. लोकांना वाटतं मशीनचे आहेत. ते दोरीचे.

थोरली पंधराची आणि धाकटी नऊची असताना बाबांनी एका रविवारी सांगितलं, "धाकटे, तू दांड्यावर बस. थोरले, तू दोरी घे." का ते सांगितलं नाही, आणि त्या काळात बापाला का म्हणून विचारायची पद्धतही नव्हती. तेव्हापासून धाकटीनं "धर" म्हणायचं आणि थोरलीनं धरायचं, धाकटीनं "सोड" म्हणायचं आणि थोरलीनं सोडायचं. सहा वर्षांनी लहान पोर मोठ्या बहिणीला हुकूम सोडते आणि बाप मधे बसून डोळे मिटून ऊन खातो! तुम्हाला कसं वाटलं असतं?

या वर्षी मात्र गोष्ट निकराला आली. बाबांचा गुडघा पार गेला होता, नावेत चढणं बंद. सीझनच्या पहिल्या रविवारी ते काठावर खुर्ची टाकून बसले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. तळ्यावरच्या नावांच्या क्लबचा कागद होता. त्यात एक रेघ मोकळी होती, नावेच्या मालकाचं नाव लिहायची.

"मला आता हे जमायचं नाही," बाबा म्हणाले. "आणि दोन नावं लिहायला क्लब तयार नाही. एकच पाहिजे. सोळा रविवार आहेत. शेवटच्या रविवारी शर्यत झाली की लिहीन. नाव कुणाच्या नावावर करायची ते."

थोरलीनं वळून नावेकडे बघितलं. त्या वेळी धाकटी कुठे होती? दांड्यावर! आधीचे चार रविवार थोरली एकटी येऊन नावेचं बूड खरवडत होती, फटीत डांबर भरत होती, रंग लावत होती, नखं अजून निळी होती तिची. आणि पहिल्या रविवारी धाकटी गाडीतून उतरली ती पांढरेशुभ्र बूट घालून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून, आणि टुणकन जाऊन दांड्यावर बसली. आयत्या बिळावर नागोबा! वर बाबा काय म्हणाले असतील? "रंग छान दिसतोय. तुझ्या बुटांना लागू देऊ नकोस हो."

जळली थोरली. सरळ जळली. उगाच गोड शब्दांत कशाला सांगायचं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्यापुढे सगळं ओकलं. नवरा बस डेपोत टाइमकीपर. गाड्या उशिरा येताना बघून बघून त्याचा कशानंच जीव वर-खाली होत नसे.

"लिहितील की तुझं," तो म्हणाला. "थोरली आहेस."

"थोरली म्हणून आजवर काय मिळालं हो मला? दोरी मिळाली!"

"मग तीच धर घट्ट."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. क्लबातला तो फोटो बघितलात का?"

फोटोचं दुखणं जुनं होतं. क्लबच्या ऑफिसात, कारकुनाच्या टेबलामागे, घाईचा एक मोठा फोटो लावलेला. धाकटी दांड्यावर, केस उडताहेत, हसणं कानापर्यंत. शेजारी बाबा. आणि फोटोच्या अगदी कडेला, चौकटीत जेमतेम आलेला, दोरी धरलेला एक हात. मनगटापासून पुढे. बस्स, ती थोरली.

"हात तर आलाय ना," नवरा म्हणाला, "तुझाच आहे की."

थोरलीनं दोन दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं.

बरं, नुसती जळून गप्प बसेल तर ती थोरली कसली? तिनं ठरवलं, दांडा शिकायचा. एकटीनं. एका बुधवारी सकाळी खोलीला कुलूप लावलं, दारावर "अर्ध्या तासात येते" अशी चिठ्ठी डकवली आणि गेली तळ्यावर. वारा मंद, तळं रिकामं. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात दांडा. काय मोठंसं त्यात! धाकटीला नवव्या वर्षी जमलं ते आपल्याला जमणार नाही?

नाही जमलं. आणि का नाही जमलं, ते ऐकण्यासारखं आहे. थोरलीचे हात तीस वर्षं मशीनवर घडलेले. मशीनवर कापड जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा, डावीकडे वळवायचं तर डावीकडे. दांड्याचं सगळं उफराटं. दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे जाते, उजवीकडे ओढला की डावीकडे. हे तिला ठाऊक होतं, चौतीस वर्षं डोळ्यांपुढे बघत होती. पण डोक्याला ठाऊक असून काय उपयोग, हातांना कुठे ठाऊक होतं? काठाकडे जायला निघाली की नाव तळ्याच्या मध्यावर, मध्याकडे निघाली की सरळ लव्हाळ्यात. शेवटी घाई लव्हाळ्यात जी रुतली ती हलेना. जवळून बदकाच्या आकाराची पायंडलची होडी चालली होती, तिच्यात नव्यानं लग्न झालेलं एक जोडपं. त्यांनी थोरलीला दोरी बांधून काठापर्यंत ओढत आणलं. मुलगी हसू दाबत होती. मुलगा म्हणाला, "काकू, घाईत होतात का?" नावेवरचं नाव वाचून म्हणाला मेला.

अर्ध्या तासाची चिठ्ठी लावून गेलेली थोरली तीन तासांनी परतली. पण हट्टाला पेटली होती. दर बुधवारी जायला लागली. शिवताना मनात म्हणायची, "कापड नव्हे, उलट. कापड नव्हे, उलट." एकदा तसं म्हणता म्हणता एका ट्रकवाल्याच्या ताडपत्रीची बाहेरची बाजू आत शिवून ठेवली. आठ-दहा बुधवार गेले तेव्हा कुठे घाई बरी चालायला लागली. बरी म्हणजे काय, लव्हाळ्यात जाईना, एवढंच.

आणि रविवारी? रविवारी तेच ते. धाकटीनं बाबांना उन्हासाठी टोपी आणली, बाबांनी ती डोक्यावरून काढली म्हणून नाही. थोरलीनं मागच्या वर्षी शिवून दिलेली टोपी घरी खुंटीला. धाकटी आली की क्लबचा कारकून उठून खुर्ची पुढे करायचा. थोरलीला विचारायचा, "तुमच्या बहिणीबाई नाही आल्या का अजून?" नाव वळवताना काठावरून बाबांचा आवाज यायचा, "वा, धाकटे! झकास वळवलीस!" अहो, वळवली खरी, पण त्याच घडीला दोरी ढिली करून पुन्हा खेचली कुणी? वाऱ्यानं का? थोरली दात-ओठ खात दोरी धरायची आणि धाकटी मान वळवून हसून म्हणायची, "ताई, काय मस्त वारा आहे ना!" ते हसणंच तिला जास्त झोंबायचं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

चौदाव्या रविवारी शीड फाटलं. पितळी कडीचा कोपरा, जिथे सगळा ओढा येतो तिथलंच जुनं कापड विरलं होतं.

"घेऊन जा गं थोरले," बाबा म्हणाले. "तुझंच काम आहे."

"ताई आहे म्हणून बरं," धाकटी म्हणाली. "नाहीतर बाहेर कुठे द्यावं लागलं असतं."

दोघंही चांगल्या मनानं बोलली. पण पोटात दुखत असलं की साखरही कडू लागते. तुझंच काम! म्हणजे खरवडायचं, रंगवायचं, शिवायचं, ओढायचं ते थोरलीनं. मिरवायचं धाकटीनं. शिडाचं भेंडोळं खांद्यावर टाकून ती निघाली.

मंगळवारी दुपारी खोलीत तिनं शीड पसरलं. नवं जाड कापड बेतलं, कडीभोवती दोन्ही बाजूंनी ठिगळ लावलं, आणि ते जागचं हलू नये म्हणून हातानं साध्या सुती दोऱ्याचा धावदोरा घातला. धावदोरा म्हणजे कच्चा टाका. तात्पुरता. त्याच्यावरून मग मशीननं नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिलाई मारायची आणि धावदोरा उसवून टाकायचा. शिवणकामातलं पहिलीतलं पोरही हे जाणतं.

थोरलीनं शीड मशीनखाली घेतलं. सुईत नायलॉन ओवला. आणि हात थांबला.

तिच्या डोळ्यांपुढे शर्यत आली. सगळा क्लब काठावर, बाबा खुर्चीत, मांडीवर तो कागद. घाई पुढे, दांड्यावर धाकटी. आणि ऐन वाऱ्यात हा कोपरा सुटतो. शीड फडाफडा उडतं, धाकटी भांबावते, बाकीच्या नावा शेजारून निघून जातात. बाबा बघतात. काय झकास वळवलीस गं, धाकटे!

"उद्या मारू शिलाई," थोरली स्वतःशीच म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, म्हणजे खरं वाटावं. शीड गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. बुधवारी एका गाडीची कव्हरं आली. गुरुवारी दुसरं काही. शनिवारी शीड होतं तसंच गाडीत चढलं. डोलकाठीला चढवताना कुणी कोपरा बघितला का? छे! थोरलीची शिलाई कधी कुणी वाकून बघत नसे. तिचं काम म्हणजे पक्कं, हे तळ्याकाठी सगळ्यांना माहीत होतं.

पंधराव्या रविवारी वारा पडलेला, शीड नुसतं लोंबत राहिलं. धावदोरा टिकला.

सोळावा रविवार उजाडला तो बेताचा वारा घेऊन. तळ्यात तीन ठिकाणी लाल पिंपं तरंगत होती, त्यांना वळसे घालून परत यायचं, एवढीच शर्यत. नऊ नावा. थोरली नेहमीसारखी दोरीच्या जागेवर बसायला गेली, तर धाकटीनं तिचा दंड धरला.

"ताई, आज तू दांड्यावर बस. मी दोरी घेते."

थोरलीनं विचारलं, "का गं?"

"आज बाबा नाव लिहिणार. तुझंच लिहिणार, मला माहितीय. मग पुन्हा मला कोण दोरी देतंय? एकदा तरी धरू दे." मग आवाज उतरवून म्हणाली, "नऊ वर्षांची असताना मी दोरी खुंटीला बांधून ठेवली होती आणि नाव पालथी झाली होती, तुला कुणी सांगितलं नाही. तू तापानं घरी होतीस. त्यानंतर बाबांनी मला दोरीला हात लावू दिला नाही. दांडा दिला. दांडा म्हणजे काय गं, खुळखुळा! रडू नये म्हणून हातात दिलेला. खरा भरवसा तुझ्यावर. चौतीस वर्षं मी तुझे ते घट्टे बघतेय आणि जळतेय."

घ्या! जिच्यावर आपण जळायचं, तीच उलट आपल्यावर जळत होती. आणि ज्या दांड्यापायी थोरलीनं उभा जन्म जाळला, त्याला ही बाई खुळखुळा म्हणते! खरं सांगायचं तर थोरलीला त्या घटकेला प्रेम आलं नाही, राग आला. कुणाच्या दागिन्याला कुणी पितळी म्हणावं, तसं झालं.

बाबा खुर्चीतून ओरडले, "बरं, घे एकदा! पण बांधायची नाही आणि गुंडाळायची नाही!"

तिथेच सांगायला हवं होतं. "थांब, कोपरा कच्चा आहे," पाच शब्दही लागले नसते. थोरलीच्या ओठावर आलंसुद्धा. पण समोर दांडा होता. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि तिच्याकडे मान करून दांडा आयता समोर. वारा काही फार नाही, टिकेल की, असं म्हणून ती बसली.

आणि काय सांगू, घाई धावली! "धर," थोरली म्हणाली, आणि धाकटीनं धरली. "सोड." सोडली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा थोरलीचा शब्द कुणीतरी झेलत होतं. कापड नव्हे, उलट. पहिलं पिंप गेलं. दुसरं पिंप काठाजवळच होतं, तिथून वळताना क्लबचा कारकून कॅमेरा डोळ्याला लावून उभा दिसला. थोरलीनं मान ताठ केली. दोन नावा पुढे, सहा मागे.

तिसऱ्या पिंपाकडे वळल्या आणि टेकडीच्या खिंडीतून वारा सुटला. घाई एका अंगावर कलली. तोल धरायला धाकटी दोरीला लटकून पाठीकडून बाहेर झुकली, पार पाण्यावर, आणि नऊ वर्षांच्या पोरीसारखी खिदळायला लागली. "ताई, बघ! बघ मला!"

थोरलीनं बघितलं. पण तिला नऊ वर्षांचं पोर दिसलं नाही, दिसला तो कोपरा. कडीजवळचा पांढरा सुती दोरा तट्‌ करून तुटला. मग पुढचा टाका. तट्‌. आणि मग पुढचा. शिवणारीचे डोळे ते, लांबूनसुद्धा टाके मोजतात.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. कोपरा सुटला की शीड उडेल, ते खरं. पण पडणार कोण? दांडेवाली नाही. दोरीला लटकलेली पडणार, उलटी, मागून येणाऱ्या नावांच्या तोंडात. आज धाकटी. आणि एरवी? एरवी ती स्वतःच! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. जळण्याच्या भरात या शहाणीला एवढंही सुचलं नव्हतं की ज्या दोरीचा टाका कच्चा ठेवला, ती दोरी आपल्याच हातात असते.

"सोड!" ती किंचाळली.

धाकटीनं सोडली नाही. सोडता येईना. खुशीत येऊन बाईसाहेबांनी दोरी तळहाताला दोन वेढे गुंडाळली होती.

"सोड! अगं सोड!"

"सुटत नाहीये, ताई!"

तट्‌. तट्‌.

आता नाव वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, म्हणजे शिडातला ओढा जाईल, हा एकच उपाय. थोरलीचे हात दांडा स्वतःकडे ओढायला गेले, जिकडे जायचं तिकडे, तीस वर्षांच्या सवयीनं. "कापड नव्हे!" ती स्वतःवरच ओरडली, "कापड नव्हे!" आणि दांडा जीव खाऊन पलीकडे ढकलला. घाई गर्रकन वाऱ्याकडे वळली. शीड फडाफडा आपटायला लागलं आणि त्या तडाख्यांनी उरलेले टाके एकदम गेले. धाकटी मागे कोसळणार तोच थोरलीनं दुसऱ्या हातानं तिच्या जाकिटाचा पट्टा पकडला आणि तिला आत खेचली. ती नावेच्या तळाला आपटली, कमरेपर्यंत भिजली, चष्मा तळ्यात गेला. पण नावेतच होती.

मागच्या सहाच्या सहा नावा शेजारून निघून गेल्या.

काठावर आल्यावर धाकटीनं सगळा क्लब डोक्यावर घेतला. "बाबा, ताई नसती तर मी गेले होते! मी गाढवासारखी दोरी गुंडाळली, कोपरा सुटला, आणि हिनं एका हातानं नाव वळवली आणि एका हातानं मला धरलं. बघितलंत ना? लिहा हिचं नाव. आत्ता लिहा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या कारकुनानं कधी थोरलीला बस म्हटलं नव्हतं, त्यानं खुर्ची आणली.

बाबांनी कागद मांडीवर सरळ केला, पेनाचं टोपण काढलं. "हं," म्हणाले, "तसंही माझ्या मनात तेच होतं."

चौतीस वर्षं! पेन कागदाला टेकत होतं. कुणी कोपरा बघितला नव्हता. कुणी बघणारही नव्हतं, जुनं कापड, गेलं फाटून. तोंड मिटून खुर्चीत बसायचं, एवढंच काम होतं.

"थांबा बाबा," थोरली म्हणाली. "तो कोपरा फाटला नाही. मी शिवलाच नव्हता. नुसता धावदोरा घातला होता."

"विसरलीस?" धाकटी म्हणाली.

"नाही. मुद्दाम." थोरली म्हणाली. "शर्यतीत तू दांड्यावर असशील, कोपरा सुटेल, तुझी फजिती होईल, बाबा बघतील. म्हणून."

धाकटी ओल्या कपड्यांत, बिनचष्म्याची, डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिली.

"पण ताई," ती म्हणाली, "दोरी तर तुझ्याच हातात असती. पडली तू असतीस."

"ते माझ्या लक्षातच आलं नाही."

कारकून हसला आणि लगेच खोकला. बाबा हसले नाहीत. त्यांनी शिडाचा कोपरा ओढून जवळ घेतला, तुटक्या सुती दोऱ्यांवरून अंगठा फिरवला. "तुझी शिलाई मी कधी तपासली नाही," एवढंच म्हणाले. चारचौघांत कानफटात मारली असती तर कमी लागली असती.

"धाकटीचं नाव लिहा," थोरली म्हणाली.

मनात कुठेतरी तिला वाटत होतं की आता धाकटी म्हणेल, नको बाबा, ताईचंच लिहा. कथेत म्हणतात ना तसं. धाकटीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "हो. माझंच लिहा."

बाबांनी लिहिलं. शाई वाळायला वेळ लागला नाही.

धाकटी कुणाशी न बोलता गाडीकडे चालायला लागली. अर्ध्या वाटेवरून वळली आणि तिथूनच ओरडली, "पुढच्या सीझनला पहिल्या रविवारी ये. दोरीवर. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ? माझा स्वतःवर तर मुळीच भरवसा नाही. आणि तो कोपरा पक्का करून आण!"

लोक म्हणाले, किती मोठं मन! बाबांनी डोळे पुसले. आणि थोरली? तिचेही डोळे भरले. पण आपण इथे खरं सांगायला बसलोय. त्या घटकेलाही तिच्या पोटात ती जुनी कळ आलीच. माफ करायचा मानसुद्धा शेवटी धाकटीनंच पटकावला!

कोपरा तिनं दुसऱ्याच दिवशी शिवला. दुहेरी नाही, तिहेरी.

महिन्याभरानं क्लबात फोटो बदलला. कारकुनानं शर्यतीतला, दुसऱ्या पिंपाशी काढलेला फोटो मोठा करून लावला. थोरली नवऱ्याला घेऊन बघायला गेली. तिच्या आयुष्यातला दांड्यावरचा एकुलता एक फोटो. बघते तर काय, फोटोभर धाकटी! दोरी धरून बाहेर झुकलेली, हसणं कानापर्यंत. आणि अगदी कडेला, चौकटीत जेमतेम आलेला, दांडा धरलेला एक हात.

नवरा पोट धरून हसला. "हात तर आलाय ना!"

थोरलीनं कारकुनाकडे त्या फोटोची एक प्रत मागितली. ती आता टायरच्या दुकानामागच्या खोलीत, मशीनच्या बरोबर वर लावलेली आहे. कव्हरं टाकायला येणारे लोक विचारतात, "कोण हो ह्या? किती छान हसताहेत." ती सांगते, "माझी धाकटी बहीण. नाव तिची आहे." लोक हसऱ्या बाईकडे बघतात, कुणी एखादा हाताकडे बघतो. शिडाच्या कोपऱ्याकडे कुणी बघत नाही. तिथे कडीभोवती बारीक पांढरे टाके दिसतात, एकसारखे, आणि त्यातला एक सैल झालेला. शिलाई सुरू करायच्या आधी थोरली रोज एकदा वर बघते आणि मग सुईत नायलॉन ओवते.